हळद वाळेपर्यंत

हळदीचा पाला पिवळा पडायला लागला की आमच्याकडे दोनच प्रश्न ऐकू येतात. पाणी कधी तोडलं? आणि कुकर कोणाचा सांगितला? पाणी ज्याचं त्याच्या हातात असतं. कुकरसाठी मात्र महिनाभर आधीपासून फोन सुरू करावे लागतात, कारण वसमत, औंढा, कळमनुरी, अर्धापूर या साऱ्या पट्ट्याची हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच वेळी काढणीला येते आणि हळद शिजवणारी गाडी प्रत्येकालाच आज पाहिजे असते.

आमचं वावर वसमत तालुक्यात, पूर्णेच्या कालव्याखाली. जमीन काळी, भारी. येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी आलं तसा इकडे ऊस आला, मग केळी आली, आणि गेल्या वीसेक वर्षांत हळदीने निम्मं शिवार व्यापलं. घरधनी नांदेडला नोकरीला असतात, शेत सासरे बघायचे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मामा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, बाजेवर बसून सूचना देतात, आणि यंदा पाला कापण्यापासून बीटात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, ढीग लागेपर्यंतची सगळी धावपळ माझ्याकडे आली. लागवड, खत, आळवणी, कंदकूज यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हळद जमिनीबाहेर आल्यानंतर तिचं काय करायचं, हे मात्र जो तो आपापल्या घरी शिकतो. नऊ महिने पोसलेल्या पिकाचा रंग, वजन आणि भाव या शेवटच्या महिन्याभरात ठरतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची जात सेलम. अक्षय्य तृतीयेनंतर जमीन तयार होते, जूनमध्ये लागवड, आणि साडेआठ-नऊ महिन्यांनी पीक तयार. पाला बुडापासून शेंड्यापर्यंत वाळून आडवा पडायला लागला की काढणीची वेळ झाली समजायचं. त्याआधी पंधरा दिवस ते महिनाभर पाणी तोडलेलं असतं. घाई करून हिरव्या पाल्याची हळद काढली तर कंद भरलेला नसतो, शिजवल्यावर आक्रसतो आणि वाळल्यावर सुरकुततो. गावात पहिला बीट गाठायचा म्हणून असं करणारे असतात. मामा त्यांना काही बोलत नाहीत, पण आमच्या वावरात ते होऊ देत नाहीत.

पाला जमिनीलगत विळ्याने कापून धुऱ्यावर टाकला. मग वावर चार-पाच दिवस तसंच तापू दिलं. काळ्या मातीत याचं महत्त्व फार. मातीला भेगा पडतात, कंदातलं पाणी थोडं कमी होतं आणि गड्डा मातीपासून सुटा व्हायला लागतो. कोरडी ढेकळं आणि ओला चिखल या दोन्हीत कंद तुटतात. तुटलेल्या हळकुंडाचं तोंड शिजताना काळं पडतं आणि पॉलिश केल्यावरही ते लपत नाही. काढणी ट्रॅक्टरच्या यंत्राने केली. कडेच्या दोन-तीन ओळी, जिथं ट्रॅक्टर वळत नाही, तिथं कुदळ. निघालेले कांदे, म्हणजे हळदीचे अख्खे गड्डे, ओळीनेच दोन दिवस उन्हात पडू दिले म्हणजे माती वाळून झडते.

मोडणीचं काम बायकांना गुत्त्याने, म्हणजे ठोक ठरवून दिलं होतं. हे काम बघायला सोपं वाटतं, पण हळदीची पारख याच बायकांच्या हातात असते. कांदा उचलायचा, हलकासा आपटायचा, आणि मोडत जायचं. मधला मोठा जेठा गड्डा एका बाजूला, त्याच्या कडेचे बगल गड्डे दुसऱ्या बाजूला, हळकुंडं तिसऱ्या ढिगात, आणि लागवडीच्या वेळी टाकलेला जुना, पोकळ झालेला सोरा वेगळा. त्यातच एखादं जाडजूड हळकुंड निघतं, त्याला बाजूने बारकी बारकी फुटलेली असतात. ते लेकुरवाळं. ते मोडायचं नसतं. कोणाच्या घरी लग्न आहे हे बायकांना पाठ असतं, त्या आपापल्या ओच्यात एखादं बांधून घेतात आणि कोणताही शेतकरी त्याला ना म्हणत नाही.

शिजवायच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे बेणं निवडून काढणं. एकदा वाफ लागली की कंदातला जीव गेला, तो पुन्हा उगवत नाही. निरोगी, भरलेले, कुजीचा डाग नसलेले जेठे गड्डे मामांनी स्वतः बाजेवरून खाली बसून निवडले. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं, ते विकत घ्यायचं म्हटलं तर नफ्याचा मोठा वाटा तिथंच जातो. निवडलेलं बेणं लिंबाच्या सावलीत रचून वर हळदीचाच पाला झाकला. मे महिन्यापर्यंत ते तिथंच राहतं.

आता शिजवणं. पूर्वी लोखंडी कढईत व्हायचं. जमिनीत भट्टी खोदायची, वर कढई, त्यात हळद, हळद बुडेल इतकं पाणी, वरून पाला आणि गोणपाट, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ. एका कढईला दोन-अडीच तास जायचे. बुडाची हळद जास्त शिजायची, वरची कमी. पाणीही भरपूर लागायचं, आणि एकच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं की रंग मळायचा. आता कुकर असतो. ट्रॅक्टरमागे ओढून आणायचं यंत्र. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि बाजूला चार ड्रम, त्यांना नळीने वाफ. ड्रम भरला की पंधरा-वीस मिनिटांत हळद तयार होते. ड्रमखालून पिवळं पाणी ठिबकायला लागतं, आणि झाकणाच्या फटीतून हळदीचा तो उग्र, गोडसर वास सुटतो. अर्ध्या गावाला कळतं की अमक्याकडे कुकर लागला.

शिजवायचं कशासाठी, असं नांदेडच्या माझ्या एका मैत्रिणीने विचारलं होतं. कच्ची हळदसुद्धा उन्हात वाळते, मग एवढा जाळ कशाला? कच्च्या कंदाची साल पाणी धरून ठेवते, तो आख्खा वाळवायचा तर पुष्कळ दिवस लागतात. वाफेने आतला स्टार्च शिजून चिकटासारखा होतो आणि एका जागी साठलेला पिवळा रंग सगळ्या कंदभर सारखा पसरतो. कच्चा, मातकट वास जातो. उगवण थांबते. आणि वाळल्यावर हळकुंड घट्ट बसतं, त्यामुळे कीड सहजी आत जात नाही. कमी शिजलं तर वाळल्यावर ठिसूळ होतं, मोडल्यावर आत पांढुरकं चाक दिसतं. जास्त शिजलं तर रंग उतरतो, साल फुटते, पॉलिशला टिकत नाही.

यासाठी मी प्रत्येक ड्रममागे एक काम सोडलं नाही. झाकण उघडलं की वरचं, मधलं आणि खालचं, अशी तीन हळकुंडं बाहेर घ्यायची, आगपेटीची काडी घुसवून बघायची. बुडापर्यंत अडथळ्याशिवाय काडी गेली पाहिजे. मग मोडून बघायचं, रंग कडेपासून गाभ्यापर्यंत एकसारखा असला पाहिजे. कुकरवाल्या भाऊंना पहिल्यांदा याचा जरा त्रास झाला. ते ड्रमच्या हिशोबाने पैसे घेतात, त्यांना पुढचा ड्रम भरायचा असतो. मी म्हटलं, "भाऊ, तुमचे पैसे आज मिळतील, माझे मार्चअखेर. मला बघू द्या." त्यानंतर तेच हळकुंड काढून माझ्या हातात द्यायला लागले. जेठे आणि हळकुंडं एकत्र शिजवू दिली नाहीत. जेठ्याला वाफ जास्त लागते, दोन्ही एकाच ड्रममध्ये टाकली तर एक कच्चं राहणार किंवा दुसरं गळणार, हे ठरलेलं.

दोन तृतीयांश माल शिजला होता. हळकुंडं बरीचशी झाली होती, जेठे बाकी. दुपारी मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा आला: मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा. मार्चमध्ये आमच्याकडे हा इशारा आला की पोटात गोळा येतो. गहू, हरभरा खळ्यावर, ज्वारी काढणीला, आंब्याला कैरी, आणि हळद उघड्यावर. आभाळ अजून निरभ्र होतं, फक्त हवा थांबली होती.

कुकरवाले भाऊ म्हणाले, "वहिनी, संध्याकाळपर्यंत उरकून टाकू. उद्या माझा नंबर दुसऱ्या गावात आहे, आज निघालो तर मी चार-सहा दिवस इकडे येत नाही." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना थांबवलं तर माझा नंबर जाणार होता. मी मामांकडे बघितलं. ते इतकंच बोलले, "कच्ची हळद आठ दिवस बसंल. शिजवलेली एक रातबी बसत न्हाई."

मी कुकर थांबवला. जाळ ओढला, झालेले ड्रम रिकामे केले आणि भाऊंचा हिशोब करून दिला. कच्चे जेठे शेडमध्ये सावलीला ढीग करून पाल्याने झाकले. काढल्यापासून शक्यतो चार-पाच दिवसांत शिजवावं, पण पंधरवड्याच्या आत शिजवलं तरी माल हाती राहतो. शिजलेली हळद मात्र ओली, गरम आणि मऊ असते. ती ढिगात दाबून ठेवली तर घाम धरते, आंबते, बुरशी येते.

पुढचे दोन तास कसे गेले ते सांगता येत नाही. जुनी, चार-पाच दिवस उन्हं लागलेली हळद खळ्याच्या मधल्या उंचवट्यावर ओढून लांबट ढीग केला, वर बांबू आडवे टाकले आणि मग ताडपत्री, म्हणजे ताडपत्री हळदीला चिकटत नाही आणि आतली वाफ दोन्ही तोंडांनी बाहेर निघते. ताडपत्रीच्या कडेने फावड्याने चर काढला. आजच शिजवलेली गरम हळद ताडपत्रीखाली घालायची नाही हे मामांनी तीनदा सांगितलं. ती घमेल्यांनी उचलून घरात आणली. गुरं बाहेर बांधून गोठा झाडून घेतला, तिथं पसरली. ओसरीत पसरली. बैठकीत सतरंजी उचलून पसरली. शेजारच्या जाऊबाई न बोलावता आल्या, त्यांची दोन्ही पोरं घमेली वाहत होती.

वारा आला तेव्हा ताडपत्रीची एक बाजू उचलली गेली आणि कडेची थोडी हळद भिजली. पाऊस तास-दीड तास पडला. गारा आमच्याकडे झाल्या नाहीत, नदीपलीकडच्या गावात झाल्या. रात्री दोनदा उठून ढिगात हात घालून बघितला. आत ऊब जाणवली की तोंडाकडची ताडपत्री आणखी उघडायची. पहाटे आभाळ मोकळं झालं तसं सगळं उघडलं. खळ्यावरचं पाणी झाडून काढलं, सिमेंट कोरडं होईपर्यंत हळद घरातच ठेवली आणि दहाच्या सुमारास पुन्हा पसरायला घेतली. भिजलेली तेवढी बाजूला, वेगळ्या ताडपत्रीवर. तिचा रंग पुढे लालसर, काळपट झाला. ती चांगल्या मालात मिसळली नाही, वेगळं पोतं भरलं.

वाळवणीबद्दल एक गैरसमज आमच्या भावकीतही आहे, की जितकी पातळ पसराल तितकी लवकर वाळते, म्हणून पातळच पसरावी. लवकर वाळते हे खरं. पण अगदी एकेरी पसरलेल्या हळदीचा रंग उन्हाने उडतो. दोन-अडीच इंचांचा थर ठेवायचा आणि तो दिवसातून तीन-चार वेळा दाताळ्याने खालीवर करायचा. पहिले चार-पाच दिवस यात हयगय चालत नाही, कारण तेव्हाच ओल सगळ्यात जास्त असते आणि खालचा थर आंबतो. संध्याकाळी ऊन उतरलं की गोळा करून हवा खेळेल असं झाकायचं, रात्रीचं दव लागू द्यायचं नाही. सकाळी खळं तापल्यावर पुन्हा पसरायचं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाळवलेल्या हळदीला माती चिकटते, म्हणून सिमेंटचं खळं किंवा स्वच्छ ताडपत्री. कोंबड्या, कुत्री यांना हाकलायला मामा बाजेवर काठी घेऊन होतेच.

ओल्या कंदात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते दहा टक्क्यांपर्यंत खाली आणायचं. मार्चच्या उन्हात याला दहा ते पंधरा दिवस लागतात, जेठ्यांना हळकुंडांपेक्षा जास्त. वाळली की नाही याची खूण कानाने कळते. सुरुवातीला दाताळं फिरवलं की घुसमटल्यासारखा आवाज येतो. मग तो रोज थोडा बदलतो. एक दिवस दाताळं घातलं आणि सगळं खळं चिल्लर ओतल्यासारखं खणखणलं. मामांनी एक हळकुंड उचललं, दोन्ही अंगठ्यांनी जोर देऊन मोडलं. कट् करून तुटलं, तुकडा उडून बाजेखाली गेला. आत नारिंगी-पिवळं, गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ नाही. "झाली," म्हणाले.

कुकरवाले भाऊ दुसऱ्या गावाचं उरकून परत आले, आणि उरलेले जेठे तेव्हा शिजवले. पाल्याखाली ते चांगले राहिले होते, मऊ पडले नव्हते, कोंब नव्हते. त्यांची वाळवणी मागे पडली एवढंच.

पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण एक क्विंटल सुकी होते. हा आकडा माहीत असूनही ढीग आटताना बघून जीव खालीवर होतो. त्यात पॉलिशला आणखी पाच ते आठ टक्के घट. पॉलिशचा ड्रम जाळीचा असतो, ट्रॅक्टरवर फिरतो. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात, वरची खडबडीत साल, मुळांचे धागे, माती निघून खाली पडते. पूर्ण गार झालेली, कडक हळदच ड्रममध्ये घालायची. अर्धवट वाळलेली असेल तर साल निघत नाही, नुसती चेपते. धूळ इतकी उडते की तोंडाला पंचा बांधल्याशिवाय जवळ उभं राहता येत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते. पॉलिश करताना वरून पिवळा रंग मारून माल उजळ करण्याची युक्ती बाजारात चालते. त्यात लेड क्रोमेट असू शकतं, म्हणजे शिसं. शिसं शरीरात साठतं आणि लहान लेकरांच्या मेंदूला अपाय करतं. नीट शिजवलेल्या, नीट वाळवलेल्या हळदीला रंगाची गरज पडत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गावाचं नाव मालावर लागलं. ते नाव राखायचं काम आता आमच्या प्रत्येकाच्या खळ्यावर आहे.

माल हिंगोलीला संत नामदेव मार्केट यार्डात नेला. नामदेवांचं नरसी गाव इथून जवळच, म्हणून हे नाव. हळकुंडांचा ढीग वेगळा, गड्ड्यांचा वेगळा, भिजलेलं पोतं तिसरं. बीट सुरू झाला की खरेदीदार ढिगातून एक हळकुंड उचलतो, मोडतो, आत बघतो, नाकाशी नेतो, दुसरं उचलतो, दोन्ही एकमेकांवर आपटतो. जे मी ड्रमच्या तोंडाशी आणि मामांनी बाजेवर केलं, तेच तो करत होता. आमच्या हळकुंडांच्या ढिगाला त्या ओळीतल्या शेजारच्या ढिगांपेक्षा वर बोली गेली. गड्ड्याला नेहमीसारखा कमी भाव, भिजलेल्याला त्याहून कमी. काट्यावर मी स्वतः उभी राहिले आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात घेऊनच यार्डाबाहेर पडले.

घरासाठी ठेवलेली हळद गिरणीवर दळून आणली. त्यातली एक पिशवी नणंदेला, एक जाऊबाईंना, आणि एक डबा माळेगावच्या खंडोबाच्या भंडाऱ्यासाठी देवघरात. पट्टीच्या पैशातून मजुरांचं आणि ट्रॅक्टरचं देणं फेडलं. राहिलेल्या पैशातलं पहिलं काम मिस्त्रीला सांगितलं आहे: खळं पूर्वेकडे वाढवायचं, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतार, कडेने पक्की नाली, आणि शेडचं पत्र्याचं छत खळ्यापर्यंत पुढे काढायचं. लागवडीच्या आत सिमेंट वाळलं पाहिजे, एवढी अट घातली आहे.